मार्व्हा शांतपणे गेली नाही

"मार्व्हा शांतपणे गेली," असे तिच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात म्हटले आहे. ते असत्य आहे. स्कारबरोच्या आमच्या घरातून तिला इस्पितळात मी नेले होते. रक्तस्राव थांबत नव्हता, आणि माझी बाही घट्ट धरून ती म्हणत होती, "मिस्टर साठे, पोट फाटतंय... हे लोक ऐकत का नाहीत?" दारावर मला विचारले गेले, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "घरमालक." मला बाहेर बसवण्यात आले.

शोकसभेत कुणी सांगितले की ही संस्था एका परिषदेत जन्मली. साफ चूक! ती आमच्या बेसमेंटमध्ये जन्मली. मार्व्हा जमैकाहून आलेली सुईण, आमची भाडेकरू. कुणाचे दुखणे वेळेवर ऐकले गेले नाही म्हणून मूल गेलेले, कुणाचे गर्भाशय धड न विचारता काढलेले. अशा कृष्णवर्णीय बाया तिच्याकडे जमत. इथल्या आपल्या मराठी मंडळींनी माझ्या औदार्याचे गोडवे गायले, तेही खोटेच. बर्फाने माखलेल्या त्यांच्या बुटांवरून मी नित्य भांडत असे. "तुमच्या घरात देव फार आणि खुर्च्या कमी," असे मार्व्हा सुनावी; आणि वरून पोहे पाठवणारी आमची ही म्हणे, "अहो, जरा गप्प बसा. खाली रडतंय कुणीतरी."

तिथेच एक रीत ठरली. इस्पितळात कोणत्याही बाईने एकटीने जायचे नाही. दुसरीने उशाशी बसायचे, आणि पहिली जे बोलेल ते डॉक्टर उत्तर देईपर्यंत मोठ्याने पुन्हा म्हणत राहायचे. या एवढ्याशा रीतीवर संस्था ब्रॅम्पटनला, व्हिटबीला, अशी आसपासच्या गावांत पसरली. मग शहराच्या मध्यभागी काचेचे कार्यालय झाले, अहवाल आले, व्याख्याने आली. मंत्री त्यांचे ऐकू लागले, हे मी नाकारत नाही. मात्र उशाशी बसणाऱ्या बाया व्यासपीठावर जाऊन बसल्या... "पोरी मोठ्या झाल्या, मिस्टर साठे," मार्व्हा हसून म्हणाली होती, "आता त्यांना मीटिंगा असतात."

त्या दिवशी इस्पितळातल्या बाकावर बसून मी त्यांतल्या एकेकीला फोन केला. प्रत्येकीने कळवळून चौकशी केली, आणि प्रत्येकीने दुसरीचे नाव घेतले: "ती पोहोचली असेल ना?" कुणीच पोहोचले नव्हते. दाराच्या काचेतून मला मार्व्हाचे ओठ हलताना दिसत होते. तिचे वाक्य पुन्हा म्हणायला कुणी नव्हते. पुढे ओठ हलायचे थांबले... यालाच ते शांतता म्हणतात.

गेल्या आठवड्यात बेसमेंटच्या दाराची घंटा वाजली. दिवस भरत आलेली एक काळी तरुणी बाहेर उभी होती. "मार्व्हा इथेच राहतात ना?" मी घडले ते सांगितले, कार्यालयाचा नंबर देऊ केला. "तो आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "तिथे मशीन बोलतं." तिने विचारले, "मग माझ्याबरोबर कोण येणार?"