चुन्यातली नीळ

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आमच्या लालबागच्या चाळीत माझ्यासाठी राखून ठेवलेली आहे. कुठे काही चांगलं ऐकलं की मला ते आजच्या आज करायचं असतं. भाजीच्या सालांचं खत करायचं ठरवलं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी अख्ख्या मजल्याचा ओला कचरा आमच्या मोरीत आणून ठेवला होता. आठवडाभर घरात चिलटंच चिलटं. खत मात्र झालं, आणि गॅलरीतल्या सगळ्या तुळशी आज त्यावरच पोसल्यात, हे कुणी सांगत नाही.

त्या उन्हाळ्यात प्रश्न बाबांचा होता. आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. गच्चीचा कोबा वर्षानुवर्षांच्या शेवाळाने काळाठिक्कर पडलेला. बारानंतर छत असं तापायचं की पंखा नुसती गरम हवा खाली ढकलायचा. मिल बंद पडेपर्यंत ब्लीचिंग खात्यात कापड पांढरं करण्यात बाबांचा जन्म गेला. आता ते ऐंशीच्या घरात. ओला पंचा अंगावर घेऊन दुपारभर पडून राहायचे, आणि चार वाजेपर्यंत तो पंचा चार वेळा भिजवावा लागायचा. एप्रिलमध्ये एकदा मोरीकडे जाताना ते चक्कर येऊन पडले. पुढच्याच रविवारी ठाण्याला राहणारा माझा धाकटा भाऊ एसी बसवणाऱ्याला घेऊन हजर झाला.

त्याचं काही चुकत नव्हतं. त्या माणसाने खोली मोजली आणि बाहेरचं यंत्र कुठे टांगायचं त्याची चौकट गॅलरीतल्या भिंतीवर पेन्सिलने आखली. चौकट बरोबर शेजारच्या मावशींच्या खिडकीला खेटून. मावशी एकट्या राहतात. दुपारी खिडकीखाली पाट टाकून तांदूळ निवडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घ्यायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या चौकटीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पाट उचलला आणि जिन्याच्या कोंदट कोपऱ्यात नेऊन ठेवला.

मला ते बघवेना. मी लोअर परळच्या काचेच्या इमारतीत नोकरी करते. भर मे महिन्यात आम्ही तिथे स्वेटर घालून बसतो, आणि मागच्या गल्लीत यंत्रांची धग चहावाल्याच्या तोंडावर येते. जगाचा ताप कसा वाढतो ते मी रोज त्या गल्लीत चहा पिताना बघते. आता तीच धग आम्ही मावशींच्या दारात टाकणार होतो.

मी भावाला म्हटलं, मला पंधरा दिवस दे, मी गच्ची पांढरी करते. पांढरं ऊन परतवतं, काळं पिऊन घेतं, हे तर उन्हात छत्री घेऊन फिरणाऱ्या कुणालाही कळतं.

"ताई, तुझ्या प्रयोगात बाबांना काही झालं तर?" तो म्हणाला.

शेवटी ठरलं ते असं: दुपारी मी रजा काढून घरी थांबायचं, आणि पंधरा दिवसांनीही पंचा चार वेळा भिजत असेल तर एसी लागेल. मग मी तोंड उघडायचं नाही.

पुढच्या रविवारी सकाळीच आम्ही गच्चीवर. गणपतीचं मखर उभारणारी सगळी मंडळी मी गोळा केली होती. चाळीला चुना लावायला निघाली, म्हणून प्रत्येकाने एकदा तरी हसून घेतलं, पण कुंचे घेऊन आले सगळे. गच्ची घासली, धुतली, पिंपात चुना भिजवला. आणि मग बाबा वर आले! पडल्यापासून खोलीबाहेर न निघालेला माणूस खुर्ची टाकून छत्रीखाली बसला आणि हुकूम सोडू लागला. चुना फडक्यातून गाळा, डिंक जास्त घाला, कुंचा एकाच दिशेने ओढा. जणू खातं पुन्हा सुरू झालं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिसऱ्यांदा चहा करायला खाली धावले.

तोवर मावशींच्या बाजूची अर्धी गच्ची पांढरी झाली होती. चहा घेऊन आले तर आमच्या बाजूची अर्धी निळी. चक्क आकाशी. बाबांनी दुसऱ्या पिंपात निळीची अख्खी बाटली ओतली होती.

"निळीबिगर पांढऱ्याक उजाळो नाय गो," ते समजावू लागले. खात्यात पिवळट कापडाला शेवटी नीळ द्यायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण मी ऐकून घेतलंच नाही. सगळं घालवलंत तुम्ही, असं सगळ्यांदेखत ओरडले. बाबा छत्री मिटून खाली गेले. चुना संपला होता, आणि माझी हौसही.

तरीही मंगळवारी दुपारी पंचा दोनदाच भिजला! मी मनात उड्या मारत होते. निळी झाली तरी काळीपेक्षा बरीच. तेवढ्यात मावशींनी हाक मारली आणि माझा हात धरून आपल्या भिंतीवर टेकवला. एरवी दुपारी चटका देणारी भिंत कोमट, चक्क कोमट. एका गच्चीने पृथ्वी थंड होत नाही, एवढी अक्कल मला आहे. पण त्या भिंतीला हात लावून मी वेड्यासारखी हसत सुटले. शुक्रवारी तर समोरच्या चाळीतल्या बायका गच्ची बघून गेल्या. पण दोनदा म्हणजे बाबांना अजून त्रास होताच, आणि माझ्याशी ते अजून बोलत नव्हते. गुरुवारपासून जेवण झालं की "गॅलरीत बसतंय" एवढंच पुटपुटून उठून जायचे.

रविवारी पंधरा दिवस भरले. पंचा दोनदा तरी का भिजवायचा, म्हणत दुपारी भाऊ आला, मागे यंत्राचं खोकं घेऊन तो माणूस. बाबांची खाट रिकामी, गॅलरीतही ते नाहीत. मी धावत मावशींचं दार ढकललं, तर बाबा त्यांच्या चटईवर गाढ झोपलेले. खांद्यावर पंचा होता, घडीसुद्धा न मोडलेला, कोरडा.

"चार दिवस झाले इथेच झोपतात," मावशी हळूच म्हणाल्या. "तुला सांगू नका म्हणाले. नीळ घातली याची लाज वाटते त्यांना."

माझे डोळे भरले. भावाने एकदा आमच्या छताखाली उभं राहून बघितलं, एकदा मावशींच्या. मग त्याने त्या माणसाला खोक्यासकट परत पाठवलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

ऊन उतरल्यावर निळी अर्धी गच्ची आम्ही भावंडांनी पांढरी केली. चुना बाबांनी गाळून दिला. मी निळीची नवी बाटली त्यांच्यापुढे धरली, तेव्हा ते आठवड्यानंतर पहिल्यांदा हसले आणि ती मावशींच्या खिडकीत ठेवून आले, त्यांच्या पांढऱ्या साड्यांसाठी. तळाला थोडा चुना उरला होता. तो घेऊन बाबा गॅलरीत गेले आणि भिंतीवरच्या पेन्सिलच्या चौकटीवर त्यांनी कुंचा ओढला, एकाच दिशेने, तीनदा.

मावशी बघत होत्या. त्या जिन्याकडे गेल्या आणि आपला पाट उचलून खिडकीखाली घेऊन आल्या.