सूतगिरणीतला पाणीचोर

मी आयुष्यात एकच चोर पकडून दिलाय. त्या पराक्रमाचं नाव काढलं की आमच्या घरात अजून सगळे तोंड फिरवून हसतात. पण तुम्ही आपली माणसं. चहा घ्या, सांगतो.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. इमारतीत आग लागली की छतातून आपोआप पाणी पडतं ना, ते फवारे बसवायचे आणि तपासायचे. फवाऱ्याच्या तोंडाशी काचेची बारकी नळी असते. धग लागली की काच फुटते आणि पाणी सुटतं. त्यासाठी पाइपात पाणी कायम दाबून भरलेलं लागतं. दाब जरा उतरला की पंपघरातला छोटा पंप आपोआप सुरू होतो आणि भरून काढतो. एवढं ध्यानात ठेवा, कारण मी नेमकं तेच विसरलो.

माजलगावकडं एक सहकारी सूतगिरणी आहे. गावाचं नाव विचारू नका, मला तिथं अजून जावं लागतं. बंद पडलेली गिरणी दिवाळीनंतर सुरू व्हायची होती. विम्याचे साहेब तपासायला येणार, आणि फवाऱ्यांच्या टाकीतलं पाणी आतल्या लाल रेघेला टेकलेलं पाहिजे. टेकलं नाही तर विमा नाही, विमा नाही तर गिरणी नाही. मग तिथल्या बायांनी कोयते घेऊन ऊसतोडीला जायचं. मुकादम गावात येऊन बसलेलाच होता.

आणि वर्ष कसलं? दुष्काळाचं. गावाला टँकर एक दिवसाआड, तोही आला तर आला. पण गिरणीची आगीची टाकी मात्र काठोकाठ. पंपावर गयामावशी होत्या, पन्नाशीच्या, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. त्यांच्या राखणीत त्या टाकीतून कुणी तांब्याभर पाणी घेतलं नव्हतं. घरात प्यायला नाही, समोर हौदभर पाणी, आणि हात लावायचा नाही! तुम्हाला जमेल? मला तरी जमलं नसतं. जमलं नाहीच, ते येईल पुढं.

मी आठवडाभर आधी जाऊन गिरणीच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरलो. नळ सोडला तर काय, धो धो पाणी. चेअरमन आबांनी माझ्यासाठी वेगळी सोय केली म्हणून मी हरखलो. सकाळी शॉवरखाली मनसोक्त आंघोळ, वर कपडेही धुतले. आबांना म्हटलं, दाब काय आहे हो तुमच्या पाण्याला! त्यांना वाटलं, मी आगीच्या पाइपांचं कौतुक करतोय. बिचारे खूश झाले.

दोन-तीन दिवसांनी गयामावशी आल्या. म्हणाल्या, "सायेब, रोज सकाळच्याला छोटा पंप आपल्या आपण चालू व्हतोय. आन पानी रेघंच्या खाली चाललंय."

माझं डोकंच फिरलं. मी बायाबाप्यांना फाटकापाशी गोळा केलं आणि भाषण ठोकलं. पाण्याचा थेंब न् थेंब कसा जपावा, चोरी करणारा आपल्याच लेकराबाळांच्या पोटावर कसा पाय देतो, सगळं सांगितलं. सगळे माझ्या डोक्याकडं टक लावून बघत होते. मला वाटलं, भाषण रंगलं. अहो, माझे केस ओले होते!

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ बाजूला ठेवून भल्या सकाळी पंपाशी जाऊन बसलो. पंप हूं की चूं नाही. मी आबांना ऐटीत म्हणालो, बघा, चोर मला टरकून आहे. त्याच्या पुढच्या दिवशी मी खोलीत राहिलो, तर पंप सुरू! आता याच्यावरून कुणालाही काय कळावं? मला काय कळलं? तर चोर माझ्यावर पाळत ठेवून आहे.

म्हणून मी बेत आखला. मी खोलीतच थांबतो, म्हणजे चोर गाफील राहील. पंप सुरू झाला की गयामावशींनी चार बायांना घेऊन पाइपाला हात लावत निघायचं. पाणी पळतं तो पाइप हाताला थरथरतो. थरथर जिथं जाईल तिथं चोर. बेत फक्कड होता, आजही अभिमान आहे मला. आणि थांबायचंच आहे तर म्हटलं, आंघोळ उरकून घेऊ.

अंगभर साबण लावला होता आणि दार वाजलं.

"सायेब." गयामावशींचा आवाज.

"सापडला का?"

"सापडला."

"मग धरून ठेवा, सोडू नका!"

मग त्या हळूच म्हणाल्या, "धरतो की. पर तुमी आदी कापडं घाला."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. फवारे बसवताना आमच्या कामगारांच्या आंघोळीसाठी मीच पाहुण्यांच्या खोलीतल्या त्या न्हाणीला आगीच्या लाइनीतून नळ काढून दिला होता. आठ दिवसांपुरता! नंतर तो काढायचा साफ विसरलो होतो.

टाकी दोन बोटं उतरलेली, तपासणी दोन दिवसांवर. मी मान खाली घालून म्हणालो, शहरातून टँकर आणतो. गयामावशी म्हणाल्या, "ईल तवा ईल. त्येच्या भरवशावर गिरनी ठिवायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी गावात टँकर आला. तासाभरात गिरणीच्या फाटकातून बायांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर कळशी. घरच्या वाट्याचं पाणी! मी आडवा गेलो, म्हटलं, हे नका करू, लेकरांना काय पाजाल?

"कावून नगं?" गयामावशींनी मला बाजूला केलं. "गिरनी आमची हाय. तुमी पाव्हणे."

कळशीमागून कळशी टाकीत रिकामी झाली. शिव्या सोडा, कुणी वाकडा शब्दसुद्धा बोललं नाही. पाणी रेघेला टेकलं तेव्हा मला रडू आवरेना. एवढी मोठी मनं मी कुठंच बघितली नाहीत, खरं सांगतो.

तपासणी पार पडली, गिरणी सुरू झाली, मुकादम रिकाम्या हातानं परत गेला. मी दरवर्षी तिथं तपासणीला जातो. पण पंप, टाकी, फवारे सगळं नंतर. फाटकातच गयामावशी मला खाली वाकायला लावतात, डोक्यावरून हात फिरवतात आणि मग आत ओरडून सांगतात, "सोडा रं सायबाला, केस कोरडं हायेत."