अक्काच्या गाण्यांची सीडी

जळगावच्या एमआयडीसीत आमचा सीडीचा कारखाना होता. मी साच्याच्या मशीनवर. प्लास्टिकचे दाणे वितळून साच्यात शिरायचे, निकेलच्या ठशावरच्या गाण्यांच्या बारीक खुणा त्यावर उमटायच्या आणि काचेसारखी चकती बाहेर पडायची. पुढे तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा, मग छपाई.

माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याजवळच्या खेड्यात दिलेली. आसपास कुणाची हळद असली की पहिलं गाणं तिचंच. तिला न्यायला लोक जीप पाठवत. एका कंपनीनं तिची अहिराणी गाणी रेकॉर्ड केली आणि योगायोगानं तो ठसा माझ्याच मशीनवर आला.

दसऱ्याच्या पूजेला घरच्यांना कारखान्यात येऊ देत. मी अक्काला नेलं. नुकतीच निघालेली कोमट चकती तिच्या हातावर ठेवली. तिनं ती डोळ्यांसमोर धरून आरपार माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, यामा मना आवाज शे?"

"तुझाच. बठ्ठी, सगळीच्या सगळी गाणी आहेत यात."

ती लाजून हसली. वेष्टनावर भलत्याच पोरीचा फोटो छापला होता, त्याचंही तिला काही वाटलं नाही.

त्या लग्नसराईत मांडवामांडवात तीच सीडी वाजली. आमच्या चुलतभावाच्या हळदीला अक्कानं सूर लावला, तर एक नातलग बाई प्रेमानं म्हणाली, "अक्का, तू बस. तुनीच सीडी लावतस." अक्का बसली. स्वतःचंच गाणं ऐकत राहिली. पुढे तिच्याकडे जीप येणं बंद झालं. इकडे सीडीची मागणी वाढलेली. मी डबल शिफ्ट करत होतो.

मोबाइल आले, कारखाना बंद पडला. मशीन भंगारात गेली. वाटलं, आता लोक पुन्हा अक्काला बोलावतील. पण तोवर डीजेची सवय झाली होती.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या हळदीला मीच डीजे थांबवला. "अक्का, म्हण ना." तिनं दोन ओळी म्हटल्या. तिसरी आठवेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मलाही ती येत नव्हती. साच्यातून निघणारी चकती कुठे गाते? कडा नीट आहे का, डाग आहे का, एवढंच मी आयुष्यभर पाहिलं होतं. गाणं असं कधी पाठ झालंच नाही.

बायका जरा थांबल्या. मग कुणीतरी डीजे सुरू केला, आणि अक्का वाटी घेऊन माझ्या मुलीच्या पायांना हळद लावू लागली.