त्याला सांग, वकील

गल्लीत कुणालाही विचारा, सोफ्याच्या दुकानातला कुत्रा शहाणा होता आणि माणसं खुळी, असंच सांगतील. कुत्र्याच्या शहाणपणाबद्दल वाद घालता येईल. शेजारच्या बेकरीवाल्याच्या ट्रेमधला गरम पाव पळवून त्याने जीभ भाजून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उद्योग केला होता. माणसांबद्दल मात्र वादच नाही.

दुकान दोघा भावांचं. थोरले कापड बेतायचे, शिवायचे. धाकटे सांगाडा ठाकठीक करायचे, स्प्रिंगा बांधायचे, काथ्या भरायचे आणि वरून कापड ताणून बारीक खिळे ठोकायचे. ठोकायची त्यांची पद्धत जुनी. मूठभर खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकाने तो उचलायचा आणि ठाक. म्हणजे दुसरा हात कापड ताणायला मोकळा. बघणारे डोळे मिटून घ्यायचे, पण धाकट्यांनी जन्मात एक खिळा गिळला नाही. त्यांच्या तोंडात खिळे असले की गिऱ्हाईकही गप्प उभं राहायचं. थोरल्यांशी मात्र ते खिळे नसतानाही बोलायचे नाहीत.

त्याचं कारण ऐका, त्यात हसण्यासारखं काही नाही. धाकटे एकदा दूरच्या शहरात नाट्यगृहाच्या खुर्च्या नव्याने भरायला गेले होते, आणि इकडे आई गेली. निरोप मिळाल्याबरोबर ते अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचा पलंगसुद्धा उचलून भिंतीला लावला होता. दारातच ते म्हणाले, "दादा, तू थांबला नाहीस." थोरल्यांनी मान खाली घातली. कुणी घाई केली, का केली, ते तेव्हा बोलले नाहीत, आणि नंतर ते सांगायला तोंड उरलं नाही. तेव्हापासून अबोला. एका छपराखाली राहायचं, एका डब्यातलं जेवायचं, एकाच सोफ्याच्या दोन टोकांना काम करायचं आणि बोलायचं नाही. थोरल्यांची बायको होती तोवर ती दोघांचे निरोप इकडून तिकडे न्यायची. तीही वारली, मुलगी लग्न होऊन परगावी गेली, आणि घरात दोन म्हातारे आणि भिंती उरल्या.

मग कुत्रा आला. आला म्हणजे काय, सोफ्यातूनच निघाला. कुणीतरी दुकानासमोर मोडका सोफा टाकून गेलं होतं. धाकट्यांनी त्याची गादी उसवली, तर आत काथ्यात हे पिल्लू झोपलेलं. त्याने डोळे उघडले, धाकट्यांचा अंगठा चावला आणि पुन्हा झोपलं. धाकटे त्याच्याकडे बघत म्हणाले, "अरे, त्याला विचार तरी, तुला ठेवून घ्यायचं का." थोरल्यांनी शिलाई मशीन थांबवलं आणि तेही पिल्लाकडेच बघत बोलले, "त्याला सांग, ठेवू दे. पण माझ्या कापडावर मुतलास तर बघ."

पिल्लू त्याच दिवशी कापडावर मुतलं. पण रीत पडली ती पडलीच. जे सांगायचं ते कुत्र्याला सांगायचं. त्याला सांग, स्प्रिंगांखालचे पट्टे संपलेत. त्याला विचार, चहा घेणार का. त्याला सांग, पाठ दुखत असेल तर आज राहू दे. बेकरीवाला दारात उभा राहून हे बघायचा. एकदा तो म्हणाला, "फुकटात चांगला वकील मिळाला की तुम्हाला." झालं, नाव पडलं वकील.

वकील कसला, महाबिलंदर. निरोप अर्ध्यावर असताना उठून चालता व्हायचा, आणि मग दोघे भाऊ तोंड मिटून त्याची वाट बघत बसायचे. एकदा मागच्या खोलीत सरसाचं भांडं करपून धूर व्हायला लागला, तर थोरले आधी रस्त्यावर धावले, वकिलाला मानगुटीला धरून आत आणलं आणि त्याला म्हणाले, "सांग त्याला, भांडं जळतंय." गिऱ्हाइकाच्या चपला पळवायच्या तर दोन्ही कधीच नाहीत, एकच. नव्या कापडाचा सोफा तयार झाला की पहिला मान वकिलाचा. चारी पाय वर करून तो त्यावर असा लोळायचा, की गिऱ्हाइकाला कापडाचा रंग समजायला आधी केस झाडावे लागायचे. धाकटे ओरडायचे आणि ओरडून झालं की त्याच हाताने त्याचं पोट खाजवायचे.

हातोडीचा घोटाळा तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी सोफा करायचा होता. दुपारी धाकट्यांची हातोडी दिसेनाशी झाली. त्यांना वाटलं, थोरल्यांनी मुद्दाम लपवली. विचारायला वकील जागेवर नव्हता, म्हणून फुगून बसले आणि दुसऱ्या हातोडीने काम उरकलं. थोरल्यांना सोफ्याच्या हात टेकायच्या बाजूत काहीतरी टणक लागलं. त्यांना वाटलं, धाकट्यांनी आत लाकडाचा आधार घातला असेल. त्यांनीही विचारलं नाही, वरून छान शिवून टाकलं. सोफा दवाखान्यात गेला. चार दिवसांत डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, सोफ्यावर बसलेल्या प्रत्येकाचं कोपर सुजतंय. थोरल्यांनी जाऊन शिवण उसवली. आत हातोडी, अर्धा पाव आणि कुणाची तरी एक चप्पल.

हातोडी परत आणून त्यांनी वकिलासमोर ठेवली. "त्याला सांग, सापडली." वकिलाने जांभई दिली. धाकट्यांच्या तोंडात खिळे होते. हसू आलं म्हणून ते घाईघाईने तळहातावर थुंकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. थोरले दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून हसत होते. दोघांचे खांदे हलत होते. त्या दिवशी धाकट्यांना वाटलं, आता वळावं आणि म्हणावं, दादा, पुरे झालं. पण वकील मध्ये बसलेलाच होता. त्याच्यामार्फत सगळं चालत होतं, मग आजच कशाला, उद्या बघू, असं म्हणून ते राहिलं. पुढे कितीतरी वेळा असंच राहिलं.

कुत्री माणसांपेक्षा लवकर म्हातारी होतात, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही मनावर घेतलं नव्हतं. वकिलाचं तोंड पांढरं झालं. चपला पळवणं बंद झालं. बेकरीवाला आपणहून पाव आणून समोर धरायचा, तर नुसता वास घ्यायचा. शेवटी शेवटी निरोप ऐकताना कानही हलवायचा नाही, पण दोघांपैकी कुणी बोललं की डोळे त्याच्याकडे आणि मग दुसऱ्याकडे, एवढं करायचा.

तो गेला त्या दिवशी धाकटे एका शाळेच्या सभागृहात खुर्च्या बसवायला गेले होते. संध्याकाळी परतले तर दुकानाचं दार अर्धं ओढलेलं. बेकरीवाला पायरीवर बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "धाकटे, वकील गेला हो. सकाळीच गेला, तुम्ही निघालात आणि थोड्या वेळात." मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी म्हटलं, ऊन वाढतंय, मागे खड्डा करून पुरून टाकू. तुमचे भाऊ ऐकेनात. तो येऊ दे, म्हणाले. सकाळपासून तिथेच बसलेत, पाणीसुद्धा घेतलं नाही."

धाकटे आत गेले. वकिलाच्या गादीवर हिरवं मखमली कापड पांघरलेलं होतं, डॉक्टरीणबाईंच्या सोफ्यातलं उरलेलं. शेजारी जमिनीवर थोरले बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. धाकट्यांनी कापड बाजूला करून वकिलाला पाहिलं. अंग गार आणि ताठ, पण कान नेहमीसारखा एका बाजूला पडलेला. त्यांनी तो सरळ केला. तो पुन्हा पडला.

आणि त्यांना सगळं कळलं. दादा आज थांबला होता. आईच्या वेळी जे केलं नाही, ते याने आज दिवसभर उपाशी बसून केलं होतं, आणि दुसरं काही त्याला देता येण्यासारखं नव्हतंच. दादा, एवढाच शब्द म्हणायचा होता. पण इतकी वर्षं जे काही बोलले ते खाली कुत्र्याकडे बघत बोलले होते, आणि खाली बघितलं तर कुत्रा मेलेला. त्यांनी फावडं घेतलं. थोरले मागून आले. दोघांनी मिळून खड्डा खणला, वकिलाला मखमलीसकट ठेवलं आणि माती ओढली.

त्यानंतर घर पार बसलं. चहा झाला की थोरले कप ठेवून जायचे, तो गार व्हायचा. माप न सांगितल्यामुळे कापड आखूड पडायचं, एक सोफा तर दोन वेगवेगळ्या निळ्या कापडांत निघाला. गिऱ्हाइकं कमी झाली. एके दिवशी थोरल्यांना दुकानातच चक्कर आली, ते मशीनवर कलंडले, आणि धाकटे त्यांना उचलून धरून बसले तरी "काय होतंय" एवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही. बेकरीवाल्याने थोरल्यांच्या मुलीला कळवलं. ती आली, तिने दोघांची अवस्था पाहिली आणि वडिलांचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

पुतणी मोकळ्या स्वभावाची. निघायच्या आदल्या दिवशी ती धाकट्यांजवळ येऊन बसली. "काका, तुम्ही पण चला म्हटलं तर येणार नाही, माहितेय मला. पण बाबांनाही यायचं नाहीये. तुम्ही एकदा त्यांना राहा म्हणालात ना, तर ते पिशवी खाली ठेवतील. एकदाच म्हणा. माझ्यासाठी म्हणा हवं तर."

"बघतो," धाकटे म्हणाले.

"बघू नका, म्हणा."

त्यांनी ठरवलं. अगदी पक्कं ठरवलं. मागे वकिलाला पुरलं होतं तिथे जाऊन ते पुटपुटलेसुद्धा, दादा, जाऊ नको. आवाज घोगरा होता, पण निघाला. एवढं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते स्वतःवरच खूश झाले.

सकाळी गाडी येऊन पायरीशी उभी राहिली. पुतणी सामान ठेवायला पुढे गेली. आतल्या खोलीतून थोरल्यांची पावलं वाजली, आणि ती वाजताच धाकट्यांचा हात आपसूक खिळ्यांच्या डब्यात गेला. मूठभर खिळे त्यांनी तोंडात टाकले. ही सवय नव्हती, ही भीती होती. तोंड उघडलं तर शब्दांऐवजी रडू येईल, आणि एकदा रडू आलं की आईच्या दिवसापासूनचं सगळं बाहेर पडेल, याची भीती. ते समोरच्या अर्धवट भरलेल्या खुर्चीवर वाकले.

थोरले दारापाशी थांबले. कोपऱ्यात वकिलाची गादी अजून तशीच होती, ती उचलायला कुणाचा हात झाला नव्हता. तिच्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "वकील, त्याला विचार, मी थांबू का?"

धाकट्यांनी ओठांवरचा खिळा उचलला आणि ठोकला. मग दुसरा. ते खिळे तळहातावर थुंकायला कितीसा वेळ लागला असता. हातोडीच्या वेळी हसू आल्यावर थुंकलेच होते की. थोरले उभेच होते. तिसरा खिळा वाकडा गेला, चौथाही. बाहेरून पुतणीने हाक मारली, "बाबा, चला." थोरल्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणखी थोडा वेळ गादीकडे पाहिलं आणि पायरी उतरले.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा धाकट्यांनी खिळे थुंकले. ते फरशीवर सगळीकडे उडाले. भिंतीला धरत धरत ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "दादा, थांब." शब्द स्वच्छ निघाला, अजिबात घोगरा नव्हता. गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

बेकरीवाल्याने शेजारून डोकं बाहेर काढलं. "मला काही म्हणालात?"

धाकट्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग ते आत आले, गुडघ्यांवर बसले आणि फरशीवरचे खिळे एकेक करून वेचायला लागले.