टपावर हात कुणाचा

कराडात नाक्याजवळ माझं पंक्चरचं दुकान. शेजारी सलीमभाई, बंद गाड्या उघडणारे. एवढी वर्षं पंक्चर काढून काय जमवलं म्हणाल, तर भाईंचे किस्से! एक सांगायला घेतला की मागनं दुसरा येतोच.

भाईंचं सामान साधं. दाराच्या फटीत कापड गुंडाळलेली लाकडी पाचर, मग हवेची पिशवी फुगवायची आणि लांब तारेनं आतलं लॉकचं बटण वर ओढायचं. रंगाला ओरखडा नाही! पण एक नेम वडिलांपासूनचा. मालकानं टपावर हात ठेवल्याशिवाय तार आत जाणार नाही.

मी चेष्टा करायचो, "भाई, गाडी काय म्हैस हाय व्हय, धार द्यायला धनी जवळ लागायला?"

*

साताऱ्याचे एक साहेब आले. साहेबांचा हात टपावर, तार बटणावर, पण बटण काही हलेना. तेवढ्यात त्यांची बायको रिक्षातून उतरली आणि वैतागून टपावर हात आपटला. खट!

"गाडी माझ्या बापानं दिलीय," म्हणाली. साहेब गुपचूप मागं जाऊन बसले.

*

शिरवळच्या एकानं जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी किल्ली आत विसरला. तार सारखी निसटायची. भाई म्हणाले, "आधीच्या मालकाला फोन लाव गड्या."

फोनवर पलीकडं एक म्हातारा. "पोरानं मला न विचारता विकली रं! बरं, असू दे. सांभाळून चालव."

म्हाताऱ्याचं बोलणं संपलं आणि बटण वर आलं. मी म्हणालो, योगायोग! पण अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू?

*

आता हा ऐका, आणि हसू नका.

उन्हाळ्यातली भर दुपार. चाकात हवा भरायला एक ताई थांबली. ती उतरली आणि दार लॉक झालं. किल्ली आत, आणि मागच्या सीटवर पट्ट्यात अडकवलेली तिची लहान पोर!

टप तव्यासारखा तापलेला. ताईनं दोन्ही हात टेकले ते काढलेच नाहीत. तरी बटण हलेना. भाईंना दरदरून घाम सुटला.

"ताई, गाडी कुणाच्या नावावर हाय?"

"ह्यांच्या. फौजेत होते. गेल्या साली वारले."

भाईंनी तार बाहेर ओढली. "काच फोड रं! पोरीपासनं लांबची!"

मी पाना उचलला. पुढच्या काचेवर उगारला.

खट! बटण वर. तार तर भाईंच्या हातात होती!

ताईनं पोरीला काढून छातीशी धरलं. मी पट्ट्याच्या बकलाला हात लावला तर चटका बसला, आणि पोरीचं कपाळ गारेगार. ताई दार लावायला गेली, तशी पोर किंचाळली, "बाबा आत हाय!"

ताईनं दार पुन्हा सताड उघडलं, जरा बाजूला सरकून वाट दिली. मग हळूच दार लावलं.