गंडा बांधलेलं वांगं

झाडावरचं सगळ्यात देखणं वांगं दिसलं की आमच्या अक्का त्याच्या देठाला लाल दोरा बांधायच्या. त्याला त्या गंडा म्हणत. गंडा बांधला की त्या वांग्याला कुणी हात लावायचा नाही. ते झाडावरच मोठं व्हायचं, पिवळं पडायचं, सुरकुतायचं आणि मग अक्का त्याचं बियाणं काढून राखेत घोळवून ठेवायच्या. भरून करावं असं झकास वांगं डोळ्यांदेखत म्हातारं होताना बघून माझा जीव वरखाली व्हायचा. "चांगलं हाय त्ये ठिवायचं असतंय," अक्का म्हणायच्या. "किडकंमिडकं आपण खायाचं. उलटं केलं तर पुढच्या साली समदंच किडकं येतंय."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सोलापुरात भवानी पेठेत आमचं दुमजली घर. खाली आम्ही, वर त्या. सासूबाई गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या. पुढे थोरले दीर गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि अक्का वर एकट्याच उरल्या. गच्चीही त्यांच्याकडेच गेली. भांडणतंटा काही झाला नाही, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याकडे गच्ची आपोआपच जाते. तरी मला ते कधी पटलं नाही.

रंगाचे रिकामे डबे, गळके माठ, मोडक्या बादल्या मांडून त्यांनी तिथं बाग उभी केली. माहेर त्यांचं अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेवर. घरी शेती. त्यामुळे विकतचं खत नको, औषध नको. शेण, गूळ आणि बेसन कालवून पिंपात आंबवत ठेवायच्या, आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर तो वास थेट माझ्या स्वयंपाकघरात उतरायचा. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून रोज सकाळी जिन्यातून हाक ठरलेली. "सुरेखा, तांदळाचं पाणी वतू नगंस गं. भाजी धुतल्यालं पण ठिव." मी बादली भरून ठेवायचे. म्हणजे पाणी माझं, वास मला, आणि गल्लीभर कौतुक अक्कांचं.

त्यांचं खाणं ऋतूप्रमाणे. पावसाळ्यात अंबाडी आणि घोळ, थंडीत करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचा पाला, चुका, आणि उन्हाळ्यात दोडका नाहीतर काकडी, सोबत ताक. त्यापलीकडे काही नाही. एकदा ऐन मे महिन्यात मी पिशवीतले गोठवलेले मटार आणले. अक्कांनी एक दाणा उचलून बोटांत फिरवला. "ह्येला म्हायती हाय का, भाईर ऊन हाय म्हणून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अक्का, हल्ली बारा महिने सगळं मिळतं." तर म्हणाल्या, "बाजारात मिळतंय की. पोटानं कुटं मागितलंय?" असं काही बोलून त्या निघून जायच्या, आणि उत्तर मला संध्याकाळी सुचायचं.

आमच्या ह्यांची शुगर निघाली तेव्हापासून तर माझा जळफळाट रोजचाच झाला. दुपारी जेवायच्या वेळेला वरून एक वाटी यायची. कधी शेपू, कधी दोडक्याच्या शिरांची चटणी, कधी नुसती ताकातली पालेभाजी. मी काय केलंय हे न बघता हे आधी त्या वाटीला भाकरी लावायचे. "वहिनींच्या शेपूला वास बघ कसा आहे," असं मलाच ऐकवायचे. संध्याकाळी झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं वर जायचे आणि खाली येताना लसणाच्या चटणीचा वास घेऊन यायचे. पुढे रिपोर्ट सुधारले. डॉक्टरांनी विचारलं, काय काय बदल केलात, तर हे छाती फुगवून म्हणाले, "आमच्या वहिनींची गच्ची." गोळ्या हातात ठेवणारी मी, पहाटे उठवून फिरायला पिटाळणारी मी, चहातली साखर काढली म्हणून शिव्या खाणारी मी, आणि नाव झालं गच्चीचं. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मला राग आला, चांगला सणसणीत आला.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मला खरं झोंबायचं ते बियाणं. अक्का ते सगळ्यांना वाटायच्या. समोरच्या पद्माला, तिच्या माहेरच्या विणकर मंडळींना, दूधवाल्याला, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या परक्या माणसालासुद्धा. जुन्या लुगड्याच्या चिंधीत राखेसकट बांधलेली इवलीशी पुरचुंडी हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "लाव, आलं तर मला दाव." गल्लीतल्या प्रत्येक दारात अक्कांचं वांगं होतं. एकट्या माझ्या दारात नव्हतं.

मागायचं कसं? मी धाकटी जाऊ असले तरी मलाही मान आहे. मग मी कुंभाराकडून नव्या कुंड्या आणल्या, माती भरली आणि जिन्याच्या तोंडाशी, त्यांची नजर पडेल अशा मांडल्या. अक्का थांबल्या. "कुंड्या झ्याक हायत की. काय लावणार?"

"बघू," मी म्हटलं, "बी मिळालं तर."

"मिळंल की," अक्का म्हणाल्या, भाजीची वाटी माझ्या हातात दिली आणि जिना चढून गेल्या. त्या कुंड्यांत मी शेवटी तुळस लावली. पद्मा म्हणाली होती, "वहिनी, माझ्यातलं घ्या की, एकच वाण आहे." मी नको म्हटलं. मला अक्कांच्या हातचंच पाहिजे होतं.

येळवशीला तर कहर व्हायचा. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे लोक शेतात जाऊन जेवतात. अक्कांना आता शेत कुठलं? त्या गच्चीवरच कडब्याची खोप, म्हणजे इवली झोपडी करायच्या, पूजेला मातीचे पांडव मांडायच्या, झाडांवर ताकातली अंबील शिंपडताना कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. जे जे पिकलंय ते सगळं एकत्र शिजवून केलेली भज्जी आणि बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे खायला अख्खी गल्ली वर यायची. सगळ्यांना त्या आग्रहानं बसवायच्या. मी पाटाकडे वळले की पळी माझ्या हातात. "तू कुटं बसतीस? तू वाढ." माझी भज्जी नेहमी पातेल्याच्या तळाची. घरी येऊन मी ह्यांना म्हणायचे, "पद्मा पाहुणी आणि मी मोलकरीण." हे म्हणायचे, "भज्जी मात्र फक्कड झाली होती."

मागच्या वर्षी अक्कांच्या गुडघ्यांनी संप केला. जिना उतरवेना, बादली उचलवेना. पुण्याचा मुलगा गाडी घेऊन आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी अक्का एक एक पायरी बसत बसत खाली आल्या. माझ्यासमोर टेकल्या आणि कमरेच्या पिशवीतून पुरचुंडी काढली. एकच नव्हे, सगळ्याच. वांगं, अंबाडी, घेवडा, दोडका.

"घे. गच्ची आता तुझी."

इतकी वर्षं ज्यावर डोळा होता ते हातात आलं, आणि तोंडातून निघालं ते मात्र भलतंच. "आता आठवण झाली होय माझी? मीटरवाल्याला दिलंत, मला नाही दिलंत."

अक्कांना नवल वाटलं. "अगं, घरात बियाणं कोण देतंय? आमच्या माहेरी त्ये उंबऱ्याभाईर देत्यात. परक्याच्या ताटात आपण वाढाय जात न्हाय, म्हणून त्येला बियाणं द्यायचं. तुज्या ताटात तर रोज भाजी पडत हुती की."

"पण आपली चूल..."

"चूल तुमी येगळी केली," अक्का म्हणाल्या. "मी कुटं केली?"

मी पुरचुंड्या पदरात बांधल्या. मग हळूच विचारलं, "मग आता का देताय?"

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आता वाढाय मी हितं कुटं असणार?"

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी सगळं लावलं, अगदी पिंपातला वासही माझाच आता. वांगी चांगली आली. सगळ्यात देखण्या वांग्याला मी लाल दोरा बांधला, तेव्हा ह्यांनी सुस्कारा सोडला आणि मला बरं वाटलं.

परवा पुण्याहून अक्कांच्या सुनेचा फोन आला. तक्रारच करत होती. "काकू, आईंनी बाल्कनीभर डबे मांडलेत. रोज जेवताना पालेभाजीची वाटी समोर ठेवतात. नको म्हटलं तरी ठेवतात हो."

"तुला बियाणं दिलं का त्यांनी?" मी विचारलं.

"नाही हो. समोरच्या फ्लॅटवाल्यांना दिलं. मी मागितलं तर नुसत्या हसल्या."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. जेवायची वेळ झाली होती. हे ताटावर बसले, सवयीनं जिन्याकडे बघितलं, मग माझ्या भाजीला भाकरी लावली. मला त्या पोरीचा हेवा वाटला. तिच्या ताटात वाटी होती. माझ्याकडे आता नुसतं बी होतं.