झैनबआपांनी ज्याला बोलावलं नाही

फोन आला तेव्हा मी येलहंकाला एका आजोबांचा गुडघा वाकवत होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघर जाते. आमच्या इमारतीतली शेजारीण सांगत होती, "झैनबआपा गेल्या. जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." आजोबांचे व्यायामाचे सहा आकडे राहिले होते. ते करून घेतले आणि मग निघाले. काम टाकून धावत आले असते तर आपांनीच विचारलं असतं, "आता येऊन काय करणार गो तू?"

मल्लेश्वरममध्ये त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत. दक्षिण आफ्रिकेच्या आहेत, तिकडे राजकारणात होत्या, एवढंच इमारतीला ठाऊक. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धच्या लढ्यातल्या त्या मोठ्या कम्युनिस्ट पुढारी होत्या. जन्म केपटाउनचा, आजोबा रत्नागिरीकडून बोटीने तिकडे गेलेले. कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायकांची संघटना त्यांनी बांधली, पक्षावर बंदी आल्यावर शहरातली भूमिगत समिती चालवली, तुरुंगात गेल्या, सुटल्यावर देशाबाहेर लुसाकात राहिल्या. तिथे मल्लेश्वरमचा एक डॉक्टर भेटला, त्याच्याशी लग्न केलं. सत्ता बदलल्यावर तिकडच्या संसदेत बसल्या आणि नवरा थकला तेव्हा त्याच्याबरोबर इथे आल्या. तो गेला, त्या राहिल्या. आजीकडून शिकलेलं त्यांचं मराठी स्वयंपाकघराबाहेर फारसं पडलेलं नव्हतं. मासळी, ताप आणि भांडण मराठीत. पक्ष, संप आणि तुरुंग इंग्रजीत.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी त्यांच्याकडे रोज जाऊ लागले. त्या मला मास्तरीण म्हणत. एकदा मी विचारलं, "आपा, पोलिसांनी छळलं का हो फार?" त्यांनी माझ्या हातातल्या आपल्या पायाकडे पाहिलं. "तुझ्याइतकं नाय." आणि व्यायाम मोजताना दोन आकडे गाळलेच. कारखान्यातल्या बायका शिलाई यंत्राच्या आवाजाआड बैठकीची जागा एकमेकींना कशी सांगत, पत्रकं डब्यात भाकरीखाली कशी जात, हे सगळं त्या कंबर शेकता शेकता सांगत. स्वतःच्या शौर्याची गोष्ट मात्र सांगत नसत. मला वाटे, नम्रपणा असेल.

मागच्या वर्षी इमारतीची बैठक झाली. तिसऱ्या मजल्यावरची चांदीची समई सापडत नव्हती, आणि झाडलोट करणाऱ्या लक्ष्मक्काला उद्यापासून फाटकातून आत घ्यायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं. सेक्रेटरी मूर्ती सर वहीत लिहायला लागले. तेवढ्यात बैठकांना कधी न येणाऱ्या आपा वॉकर टेकत दारात उभ्या.

"तिला विचारलं काय कोणी?" त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"मॅडम, चोर कधी कबूल करतो का?" मूर्ती सर हसले.

"मी कबुलीचं म्हणत नाही. बोलवा तिला. ती येईपर्यंत लिहू नका."

लक्ष्मक्का आली, सगळं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना कन्नडमध्ये म्हणाली, "ती समई? अहो, तुमच्या सासूबाईंनीच पॉलिशला दिली की. मीच पिशवी धरली होती." मूर्ती सरांनी वही मिटली. मी हसत आपांना वर पोचवायला गेले, पण त्या हसत नव्हत्या. खुर्चीत बसल्या आणि मराठीतच बोलायला लागल्या.

युसूफ शिंपी होता, त्यांच्याच समितीतला. पोलिसांनी पाच जणांना पकडलं. चौघं कित्येक महिने आत राहिले, युसूफ बारा दिवसांत बाहेर आला. बैठक झाली. बारा दिवसांत सुटला म्हणजे त्याने नावं दिली, असं सगळे म्हणाले. समितीच्या प्रमुख आपा होत्या. पाव तासात निर्णय झाला, त्याच्याशी सगळे संबंध तोडायचे. आळीत बातमी फुटली. कोणी त्याच्याकडे कपडे शिवायला टाकेना, मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. तो तसाच जगला आणि तसाच मेला. पुढे पोलिसांच्या जुन्या फायली उघडल्या तेव्हा आपांनी वाचलं, त्याने एकही नाव दिलं नव्हतं. बाकीच्यांचा त्याच्यावर संशय यावा, म्हणून पोलिसांनी त्याला मुद्दाम लवकर सोडलं होतं.

"मी त्याला इचारलंच नाय गो... एकदासुद्धा."

"त्याच्या घरच्यांना कळवलंत?"

नव्हतं कळवलं. निवडणूक होती, मग पद होतं, मग पक्षाचं नाव होतं. "लोक काय म्हणले असते?"

"लोक त्याला काय म्हणत होते?" मी म्हटलं. मी असं बोलायला नको होतं, असं मला आजही वाटत नाही.

चार दिवस त्यांनी नुसता व्यायाम केला. आकडे गाळले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतः जिना उतरून माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "फोन काढ. मी बोलते, तू भरून घे." अर्धा तास इंग्रजीत बोलल्या, कोण कोण बैठकीत होतं, ठराव कोणी मांडला, सही कोणाची. युसूफ, युसूफ एवढंच म्हणत होत्या, म्हणून मी मध्येच टोकलं, "पूर्ण नाव सांगा, आपा." त्यांनी बापाच्या नावासकट सांगितलं. शेवटी त्याच्या बायकोला उद्देशून बोलताना मात्र मराठीकडे वळल्या. ती त्यांच्यासारखीच कोकणातल्या घराण्यातली, केपटाउनला अजून आहे, नव्वदीच्या घरात. तिच्या मुलीचा पत्ता काढून मी ते ध्वनिमुद्रण पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. रोज पाय उचलायच्या आधी त्या विचारत, "आलं काय?" मी म्हणे, नाही. खोटा धीर दिला नाही, त्यांनी तो घेतलाही नसता. शेवटच्या दिवशी सकाळीही विचारलं होतं.

त्या गेल्याचं मी युसूफच्या मुलीला कळवलं. मागच्या आठवड्यात तिचं उत्तर आलं. ध्वनिमुद्रण तिने आळीतल्या सभागृहात सगळ्यांसमोर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी काही म्हातारी माणसं घरी आली. आईने दार उघडलं नाही. माफ केलं असं तिने लिहिलेलं नाही, मीही विचारणार नाही. पण आई रोज जेवणानंतर शेवटचा मराठी भाग लावायला सांगते. घरात आता ती भाषा बोलणारं दुसरं कोणी नाही. आईचा एक प्रश्न आहे, मुलीने लिहिलं होतं. 'विचारलंच नाही' म्हटल्यावर झैनब बराच वेळ गप्प होते आणि मध्ये एक शिट्टी ऐकू येते. ती शिट्टीसाठी थांबली होती का?

मी ते पुन्हा लावून नीट ऐकलं. मग उत्तर लिहिलं. शिट्टी माझ्या कुकरची. ती नंतर वाजली. आपा आधीच थांबल्या होत्या.